वाचकांचे प्रश्न : चित्रात लाल रंग जरा जास्त झालाय का?

मागच्या अंकात मी क्रांतीच्या चित्रांच्या एका प्रदर्शनाबद्दल सहज लिहून गेलो की भिंतभर वळलेल्या मुठी होत्या पण एकाही मुठीतली बोटं मोजली तर पाच भरत नव्हती, आणि त्यावरून जो काही दंगा झालाय तो विचारू नका. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट (कृपा करून व्हॉइस नोट पाठवू नका, मला ऐकायला येत नाही नीट). कुणी म्हणतं तुम्ही क्रांतीच्या विरोधात आहात, कुणी म्हणतं अखेर तुम्हाला अक्कल आली. त्यातली सहा पत्रं घेतोय, बाकीच्यांनी रागवू नये.

प्रश्न : सर, मी फाइन आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे एक सर म्हणतात राजकारण आणलं की कला मेली. माझी रूममेट म्हणते राजकारण नसलेली कला नसतेच. या दोघांच्या भांडणात मी गेले सहा महिने काहीच रंगवलेलं नाहीये. खरं कोण बोलतंय?
— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कर्वे रोड

पोरी, सहा महिने ब्रश हातात नाही हे वाचून मला तुझ्या सरांपेक्षा नि रूममेटपेक्षा तुझीच काळजी वाटली. दोघंही चित्रात काय दाखवलंय त्याबद्दलच भांडतायत. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीत नाटकांचे पडदे रंगवले, त्यातून माझं झालेलं मत सांगतो, पटलं तर घे. जहाल विचार कलेत शिरला की नाही ते विषयावरून कळत नाही, ते घडणीत, फॉर्ममध्ये बघायचं. म्हणजे कोण करतंय, कुठे करतंय, कुणाच्या बोलीत करतंय आणि बघणाऱ्याला कुठे उभं करतंय. तिथे काही हललं असेल तर विचार आत मुरला, नाहीतर तो वरून फासलेला रंग, पहिल्या पावसात जातो.

आता 'जहाल' हा शब्दच आपण शाळेत टिळकांमुळे शिकलो, जहाल-मवाळ असे दोन रकाने पाडून. त्या जहाल गोटातले खाडिलकर, 'केसरी'तले, त्यांनी १९०७ साली 'कीचकवध' आणलं. गोष्ट महाभारतातली, द्रौपदी, कीचक, भीम, स्टेजवर एकही इंग्रज नाही. पण थिएटरात बसलेल्या माणसाला बरोबर कळत होतं की हा कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, समजुतीनं घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, नि भीम म्हणजे जहाल. सरकारला समजायला जरा वेळ लागला, १९१० मध्ये बंदी आली. गोष्ट जुनीच होती गं, बघणाऱ्याचं काम बदललं, तो खुर्चीत बसून मनातल्या मनात भाषांतर करायला लागला.

गणपतीतले मेळे घे, म्हणजे रांगेत पदं गाणाऱ्या पोरांची पथकं. टिळकांच्या मंडळींनी त्यात राजकारणाची पदं घातली. मग १९२० च्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी याच पुण्यात छत्रपती मेळा काढला आणि तोच मेळा, तीच पोरांची रांग, तोच टाळ-ताल घेऊन ब्राह्मणेतरांचं राजकारण पेठापेठांतून गायलं. म्हणजे ज्यांनी हत्यार घडवलं त्यांच्यावरच ते उगारलं गेलं. फॉर्म कुणाच्या बापाचा नसतो. (टिळक राजकारणात जहाल आणि मुलींचं संमतीचं वय वाढवणाऱ्या बिलाच्या वेळी मात्र मवाळांच्याही मागे, हे मी लिहिलं की पत्रांचा दुसरा ढीग येणार, येऊ दे.)

एक गोष्ट जवळून दाखवतो. १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग. स्टेजवर धोतर नेसलेल्या बामणांची एक रांग, नमन गाते, डोलते. ही रांग हाच पडदा. रांग पाठमोरी झाली की मागचं काही दिसत नाही, फाकली की आतलं उघडं पडतं, परत मिटली की जसं काही झालंच नाही. थोड्या वेळानं तीच माणसं पुण्याचे सभ्य नागरिक होतात, तीच बावनखणीत, म्हणजे नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांच्या वस्तीत जातात, तीच कीर्तनाला डोलतात. आता तेंडुलकरांना जे म्हणायचंय, की सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम उभा करते आणि काम झालं की त्याला लोकांच्या तोंडी देते, त्यावर नाटकात भाषण नाहीये. ती भिंत आहे. लपवायला भिंत लागते आणि भिंतीला माणसं लागतात, आणि ती माणसं गात असतात! जब्बार पटेलांनी ते बसवलं, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांनी हालचाली बसवल्या, आणि मसाला सगळा आपल्या घरचा, खेळे, दशावतार, कीर्तन, लावणी. (माझ्यासारख्या पडदे रंगवणाऱ्याच्या पोटावर पाय, पण कौतुक करायलाच लागतं.) मग व्हायचं ते झालं, नाना फडणविसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, १९ प्रयोगांनंतर नाटक करणाऱ्या संस्थेनंच ते थांबवलं. त्याच पोरांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली नि पुन्हा उभं केलं, १९८० मध्ये युरोपात नेलं.

तेव्हा तुझ्या सरांना विचार, कीचकवध नि घाशीराम मेलेली कला का? आणि रूममेटला विचार की सगळंच राजकारण असेल तर मग तुझं पोस्टर आणि साबणाची जाहिरात यात फरक काय राहिला. दोघं विचार करत बसतील तेवढ्यात तू एक चित्र संपव. मुठीच काढायची असली तर आधी स्वतःचा डावा हात समोर धरून पन्नास वेळा काढ.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभर झालं पथनाट्याच्या ग्रुपमध्ये जातोय. दाढी वाढवलीये, जेवताना आम्हाला 'तुमचा वर्ग' म्हणतो. आम्ही दोघं नोकरी करणारे, टू बीएचकेचा हप्ता अजून भरतोय, आमचा कसला वर्ग? कॉलेजातून अटेंडन्सचा मेसेज आलाय. याला कसं आवरू?
— एक वैतागलेली आई, कोथरूड

ताई, मी पण त्यातलाच. कॉलेजात असताना आम्ही आठ जणांनी महागाईवर पथनाट्य बसवलं होतं आणि पहिला प्रयोग कुठे तर मंडईत, रविवारी सकाळी, म्हणजे बघा केवढी अक्कल. नाटकात 'क्रांती' हा शब्द चौदा वेळा होता, मी मोजलेत नंतर. डफ वाजवून आम्ही गोल केला, तिसऱ्या मिनिटाला एका भाजीवाल्या मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, जरा तिकडं सरकून वरडा, गिऱ्हाईक थांबंना झालंय." आम्ही तिच्याच बाजूनं बोलत होतो हो! पण तिच्या टोपलीसमोर उभं राहून, तिची वाट अडवून, तिला न कळणाऱ्या शब्दांत. ती एक ओळ मला पुढच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवून गेली. (आणि मंडईही कुठली, तर जिच्या बांधकामाला फुल्यांनी नगरपालिकेत बसून विरोध केला, की हा पैसा शिक्षणाला लावा, आणि पुढे जिला त्यांचंच नाव मिळालं ती.)

घाबरू नका असं मी म्हणणार नाही, कारण हे काम कधीकधी खरंच जिवावर बेततं. सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादला कामगारवस्तीत पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, वय ३४. त्यामुळे कुठे प्रयोग आहे, बरोबर कोण आहे, परवानगी आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्याला तो 'कंट्रोल' म्हणाला तरी विचारा.

पण आवरायला जाऊ नका. एकदा त्याचा प्रयोग बघायला जा. त्याला न सांगता, मागे उभ्या राहा, आणि लोक कधी थांबतात आणि कधी निघून जातात तेवढं बघा. घरी आल्यावर तेच सांगा, "तिसऱ्या सीनला सगळे फोन बघायला लागले." आईनं 'अभ्यास कर' म्हटलेलं पोरं ऐकत नाहीत पण 'तिसरा सीन पडतो' म्हटलं की रात्रभर झोपत नाहीत.

आणि अजून एक. वर्ग म्हणतोय ना, मग जेवल्यावर स्वतःचं ताट आणि आदल्या दिवशीचा डबा कोण घासतं ते विचारा. चळवळीतल्या थोर पुरुषांच्या घरात हा प्रश्न बऱ्याचदा राहूनच गेलेला आहे. शाहीर अमर शेखांची मुलगी आणि नामदेव ढसाळांची बायको मलिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' मध्ये ते असं लिहिलंय की वाचताना आपणच खाली मान घालतो. तुम्ही आधी वाचा, मग त्याच्या टेबलावर ठेवून द्या, काही बोलू नका.

अटेंडन्सचं मात्र तोच बघेल, क्रांतीत पण वेळेवर यायला लागतं.

प्रश्न : आपण कलावंत मंडळी सगळी डावीच का असता? आणि डाव्यांची सत्ता आली तिथे त्यांनी कलावंतांचे काय केले, ते आपण सोयीस्करपणे का लिहीत नाही? उत्तर टाळू नये.
— निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ

टाळत नाही काका, बसा.

पहिलं, सगळे डावे नसतात. इटलीतला कवी मारिनेत्ती, फ्युचरिस्ट कलावंतांचा म्होरक्या, त्याचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ ला पॅरिसच्या 'ल फिगारो'त पहिल्या पानावर आला. म्युझियमं पाडा, वेगाचं गाणं गा, आणि युद्ध म्हणजे जगाची साफसफाई, असलं सगळं त्यात. पुढे गडी मुसोलिनीबरोबर गेला. आणि इथे मला माझ्याच बोलण्यात खडा लागतो, कारण वर त्या मुलीला मी म्हटलं की फॉर्म बदलला तर विचार खरा मुरला. फ्युचरिस्टांनी फॉर्म बदललाच होता, पळणारं कुत्रं काढताना त्याला वीस पाय काढले, चित्रात गती आणली, ते आजही बघायला भारी वाटतं. विचार मुरला होता, फक्त तो विचार विषारी होता. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि मला ते गिळायला अजून जड जातं.

जर्मनीत एमिल नोल्डे, मोठा चित्रकार, स्वतः नाझी पक्षाचा सभासद, त्याला वाटायचं की आपलीच कला ही खरी जर्मन कला. हिटलरला ती आवडली नाही. म्युझियमांतून नोल्डेची हजारावर कामं काढून नेली आणि १९३७ च्या म्युनिकच्या 'विकृत कला' प्रदर्शनात त्याचीच चित्रं टिंगलीसाठी टांगली. त्या प्रदर्शनाला वीस लाखांवर लोक आले, सरकारनं शेजारीच भरवलेल्या 'शुद्ध' कलेच्या प्रदर्शनापेक्षा कितीतरी जास्त.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रशियात १९१७ नंतर आधी खरंच मोकळं रान होतं. टाटलिन नावाच्या कलावंतानं ४०० मीटर उंचीच्या फिरत्या लोखंडी टॉवरचं मॉडेल केलं, देशात लोखंड नव्हतं तो भाग वेगळा. मायाकोव्हस्कीसारखा कवी स्टेन्सिलनं पोस्टरं छापून रिकाम्या दुकानांच्या काचांत लावत होता, कारण कागद नाही, छापखाने बंद, लोकांना वाचता येत नाही, म्हणून चित्र आणि दोन ओळी. नंतर १९३० मध्ये त्यानं स्वतःला संपवलं. १९३४ च्या लेखक काँग्रेसमध्ये समाजवादी वास्तववाद, म्हणजे समाजवादाचं गुणगान करणारं सरळसोट चित्रण, हीच एक पद्धत ठरली. मेयरहोल्ड, ज्यानं रंगभूमीवरचा नटच नव्यानं घडवला, त्याला १९३९ मध्ये अटक झाली आणि २ फेब्रुवारी १९४० ला गोळी घातली. झालं का लिहून? यात सोयीस्कर काही नाही.

पण एक गंमत ऐका. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला. पिकासो तेव्हा फ्रेंच कम्युनिस्ट पक्षात होता, १९४४ पासून. पक्षाच्या साप्ताहिकानं, म्हणजे संपादक कवी आरागाँ, त्याला सांगितलं काहीतरी काढून दे. पिकासोनं तरुणपणीच्या स्टालिनचं कोळशानं साधं चित्र काढलं, मिशीवाला, जाड केसांचा खेड्यातला पोरगा. छापून आलं आणि पक्षात आग लागली, हा आमचा नेता नाहीच, हे काय काढलंय! पक्षाच्या सेक्रेटरिएटनं जाहीर नापसंती छापली. म्हणजे युद्धाविरुद्ध 'गेर्निका' काढणारा माणूस पक्षाला चालतो, पण त्यानं साहेबांचा फोटोसारखा फोटो काढला पाहिजे. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखंच की हो.

आणि शेठजी लोक तरी काय वेगळे? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेराला भिंत दिली, २१,००० डॉलर ठरले, त्यानं १९३३ मध्ये त्यात लेनिन काढला. काढून टाक म्हणाले, नाही म्हणाला. पूर्ण पैसे हातात ठेवले, भिंत झाकली आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये फोडून टाकली. त्यानं त्याच साली मेक्सिको सिटीत ते चित्र पुन्हा काढलं.

सरकार असो, पक्ष असो, शेठ असो, आधी भिंत देतो आणि मग भाडं मागतो, आणि भाडं नेहमी एकच, 'आम्ही सांगू तसा चेहरा काढ'. तुम्ही बँकेत होता, तारण काय असतं ते मी तुम्हाला काय सांगणार.

प्रश्न : जय भीम सर. आमचं सहा जणांचं पथक आहे, भीमगीतं, पोवाडा, थोडा जलसा करतो. एका कॉलेजात कार्यक्रम झाला, पोरं नाचली, पण नंतर एक मॅडम म्हणाल्या, आवाज छान आहे पण हा प्रचार झाला, ही कला नव्हे. तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. आम्ही कलाकार आहोत का नाही?
— एक शाहीर, येरवडा

जय भीम दादा. त्या मॅडमना माझ्यातर्फे १८५५ साल सांगा. जोतिराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं, जोशी भविष्याची भीती घालून गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो, आणि मध्ये विदूषक सगळ्यांची सालं काढतो. ते पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, कमिटीनं नाकारलं. ते छापून यायला १९७९ उजाडलं. तिथेही कुणीतरी असंच म्हटलं असणार, छान आहे पण.

ही पंचाईत तुमची नाहीये, ज्यांना कला म्हणजे बंद हॉलात पाय न हलवता ऐकायची गोष्ट वाटते त्यांची आहे. कीर्तन काय प्रचार नाही? आणि शिवरायांचा पोवाडा?

आता कला कुठे असते ते बघू, कारण नुसतं 'तुम्ही ग्रेट आहात' म्हणून मी पत्र संपवणार नाही. तमाशा सुरू होतो तो गणानं, गणपतीला वंदन. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीनं तमाशाच्या धर्तीवर काढलेल्या जलशांपुढे अडचण आली, देवाला हात जोडायचे नाहीत पण गण नसेल तर लोकांना तमाशा सुरू झाल्यासारखंच वाटत नाही. मग त्यांनी गण ठेवला आणि गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा पुढारी, असा अर्थ लावला. एक शब्द न हलवता देव हलवला! अण्णाभाऊ साठ्यांनी त्याच्यापुढे जाऊन गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवबाला वंदन केलं, गौळण बाजूला ठेवली. ऐकणाऱ्याचा कान ज्या जागी जे शोधतो तिथे दुसरं ठेवायचं, हे डोकं फार मोठ्या कलावंताचं असतं, पक्षाचं पत्रक लिहिणाऱ्याला ते जमत नाही.

अण्णाभाऊ, जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा केला. म्हणजे सूर आणि बांधणी गडकोटांच्या लढाईची आणि लढाई रशियात व्होल्गेच्या काठावरची, आणि ऐकणारा गिरणीतून सुटून आलेला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. आणि मग संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची ती छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, 'माझी मैना गावावर राहिली'. आधी ती सरळ विरहाची वाटते, पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाची गावी राहिलेली बायको, तिचं रूप, तिचा निरोप. गिरणगावातल्या हजारो माणसांची तीच गोष्ट. मग ऐकता ऐकता मैना मोठी होत जाते आणि कळतं की ही बेळगाव, कारवार, निपाणी आहे, महाराष्ट्राबाहेर राहिलेली.  प्रचारच आहे तो, शंभर टक्के, आणि आज ती चळवळ संपून इतकी वर्षं झाली तरी गाणं ऐकताना घशात येतं. मॅडमना ते ऐकवा, आणि त्यांचा चेहरा बघा.

भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, ही तुमची घराणी आहेत, तुम्हाला मी सांगायला नको. पण आता दोन शब्द कडू. हल्ली निम्मी भीमगीतं चालत्या सिनेमाच्या चालीवर येतात, दर ओळीत बाबासाहेबांचं नाव येतं आणि बाबासाहेबांनी काय केलं ते एकाही ओळीत येत नाही. नाव मोठ्यानं घेतलं की काम झालं असं धरलेलं असतं. ते तुम्ही करू नका. वामनदादांची गाणी काढा आणि ती बोलतात कोण ते बघा, बाई बोलते, शेतमजूर बोलतो, भांडतात, चेष्टा करतात.

आणि एक प्रयोग मी विसरत नाही. गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक', अतुल पेठेंनी २०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं. कामगार युनियननं ते उभं केलं. सकाळी रस्ता झाडणारी माणसं संध्याकाळी जोतिराव-सावित्रीबाई म्हणून उभी राहिली. मी बसलो होतो तिथे माझ्या पुढच्या रांगेत एक आजी होत्या, बहुतेक कुणा कामगाराची आई, त्या प्रत्येक प्रवेशाला शेजारणीला सांगत होत्या, "ह्यो आपला, ह्यो पण आपला." शिकलेल्या नटांनी ते नाटक कदाचित जास्त सफाईनं केलं असतं, पण मग तो शब्द, 'आपला', थिएटरात कुणी म्हटला नसता.

पथकाची पुढची तारीख कळवा, मी येतो. पुढे बसेन, ऐकायला कमी येतं.

प्रश्न : मी चे गेव्हाराचा टी-शर्ट घातला तर माझा मित्र म्हणाला तुला तो कोण होता हे माहीत तरी आहे का. माहीत नसताना घालणं चूक आहे का?
— एफसी रोड

चूक नाही, पण आता विचारलंस तर ऐक. चे म्हणजे क्यूबाच्या क्रांतीतला एक पुढारी. तो फोटो आल्बेर्तो कोर्दानं ५ मार्च १९६० ला हवानात काढला, बंदरात जहाजाचा स्फोट होऊन माणसं मेली त्यांच्या शोकसभेत, म्हणून चेहरा तसा आहे. नंतर जिम फिट्झपॅट्रिक नावाच्या आयरिश चित्रकारानं १९६८ मध्ये त्याचं लाल-काळं पोस्टर केलं, तुझ्या छातीवर बहुतेक त्याचंच पिल्लू आहे. कोर्दानं जन्मभर त्या फोटोचे पैसे मागितले नाहीत, फक्त एका व्होडकाच्या जाहिरातीत वापरल्यावर तो कोर्टात गेला आणि मिळालेले ५०,००० डॉलर क्यूबाच्या औषधपाण्याला दिले. डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत घेतला असशील तर दोन धुण्यांत चेचा रंग जाईल, उलटा करून धू.

प्रश्न : मी ग्राफिक डिझायनर. ओळखीतली एक संघटना सतत पोस्टरं फुकट करून मागते. पैसे म्हटलं की "अरे हे चळवळीचं काम आहे" म्हणतात. विचार मला पटतात, पण रात्रीचे दोन वाजतात. काय करू?
— नाव छापू नका, कोंढवा

छापत नाही, कारण माझंही नाव छापू नका म्हणावं अशी माझी गोष्ट आहे. अशाच एका संघटनेसाठी, नाव कशाला घ्या, मी वीस फुटी कापडी बॅनर रंगवला होता, कापड माझं, रंग माझा, शिवाय शिडी शेजाऱ्याची. मोर्चा झाला, बॅनर कुठेतरी गेला, शिडी पण गेली. शेजारी अजून बोलत नाही.

चित्तप्रसाद नावाचा बंगाली चित्रकार होता. १९४३ च्या दुष्काळात तो मिदनापूर जिल्हा पायी फिरला, भुकेनं मरणाऱ्या माणसांची शाईनं स्केचेस काढली, खाली नाव-गाव-हकीकत लिहिली. कम्युनिस्ट पक्षानंच त्याला पाठवलं होतं, पक्ष नसता तर तो तिथे पोचला नसता, हे पण खरं. 'हंग्री बेंगॉल' हे त्याचं पुस्तक निघालं, ब्रिटिशांनी ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या, घरच्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली एक राहिली. पुढे तो मुंबईत आला, १९४८-४९ च्या सुमाराला पक्षापासून दुरावला, आणि अंधेरीच्या एका खोलीत लिनोकट करत, बाहुल्यांचे खेळ करत पुढची बरीच वर्षं जगला, १९७८ मध्ये गेला. पक्ष सुटला तरी चित्रातली माणसं तीच राहिली, मजूर, शेतकरी, पोरं. लिनोकट का, तर लिनोलियमचा तुकडा स्वस्त, खोदला, शाई फिरवली, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला की छापखान्याशिवाय छाप तयार. खिशात पैसे नसलेल्या माणसाचा फॉर्म आहे तो.

तेव्हा तुम्ही असं करा. महिन्याला एक पोस्टर फुकट, तुमच्या मनाचं, त्यात कुणी लोगो मोठा करा म्हणायचं नाही. दुसऱ्यापासून छपाईवाल्याला देतात त्याच्या निम्मे तरी तुम्हाला द्यायचे, छपाईवाल्याला कुणी चळवळीचं काम म्हणून सांगत नाही ना? कागद, रंग, प्रूफ याचे पैसे काम सुरू व्हायच्या आधी, जीपेवर. आणि शिडी मागितली तर नाही म्हणा.